चार मीटरचा आरसा, आणि तरी प्रकाश पुरेना: लाइट ब्रिजच्या एका प्रपोजलची केस

सूर्यावरच्या डागाच्या पोटातून कधीकधी एक उजळ पट्टा आरपार गेलेला दिसतो, त्याला लाइट ब्रिज म्हणतात. या पट्ट्यावरून मधूनच प्लाझ्माचे बारीक फवारे वर उडतात, काही मिनिटं जगतात आणि परत खाली पडतात. ते कशामुळे उडतात एवढाच प्रश्न होता. उत्तरं दोन तयार आहेत. एक म्हणतं की डागाचं चुंबकीय क्षेत्र उभं आणि तगडं, पट्ट्यातलं त्यामानाने दुबळं आणि आडवं, त्यामुळे दोघांच्या शिवेवर उलट दिशेच्या चुंबकीय रेषा भिडतात, तुटतात, नव्याने जोडल्या जातात आणि त्यात सुटलेली ऊर्जा फवारा उडवते. दुसरं म्हणतं कसली जोडणी नि कसलं काय, पृष्ठभागाखाली ज्या लाटा कायम चालूच असतात त्या पट्ट्यातून वर झिरपतात, वर वायू विरळ असल्यामुळे त्यांचा धक्का बनतो आणि तो धक्काच प्लाझ्मा वर फेकतो. कोण खरं हे ठरवायचं तर पट्ट्यातलं क्षेत्र खालच्या थरात आणि वरच्या थरात, एकाच वेळी आणि फवारा जिवंत असेपर्यंत मोजायला पाहिजे. सगळी मेख या शेवटच्या अटीत आहे, त्यावर पुढे येतोच.

हा प्रश्न घेऊन दुर्बिणीचा वेळ मागायला निघालेली मुलगी वाळपईची. पीएचडी पुण्यात रजिस्टर, गाईड मॅडम तिकडेच, हिचं राहणं घरी सत्तरीत आणि पोटापाण्याला एका कॉलेजात लेक्चर बेसिसवर फिजिक्स. लेक्चर बेसिस म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे, गोव्यातल्या माणसाला ते सांगायला नको. मी फोंड्याला शिकवतो, आधी स्पेक्ट्रोपोलरिमेट्रीच्या, म्हणजे वर्णपटातल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजण्याच्या, डेटावर काम केलेलं आहे, म्हणून मॅडमनी तिला सांगितलं की पाठवायच्या आधी ड्राफ्ट सरांना दाखव. गोव्यात बसून सूर्याचा अभ्यास कसा काय, जूनपासून चवथीपर्यंत इथे सूर्य दिसायची मारामार, असं घरचेदारचे विचारतातच तिला. पण या मोठ्या दुर्बिणींवर आजकाल कोणी जाऊन बसत नाही, तुम्ही काय हवं ते लिहून द्यायचं आणि तिथले ऑब्झर्व्हर आकाश आणि सूर्य बघून ज्याचं जमतंय त्याचं काम त्या दिवशी लावतात. म्हणजे कागदावर जे लिहिलं तेच घडणार, ऐन वेळी फोन करून अहो जरा डावीकडे घ्या म्हणता येत नाही, म्हणून कागद घट्ट पाहिजे.

पोलरिमेट्रीच कशाला, हे थोडक्यात. चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातली रेषा फुटते, हा झीमनचा १८९६ चा शोध, आणि १९०८ मध्ये हेलने माउंट विल्सनवरून हेच डागांच्या वर्णपटात पकडलं आणि डाग म्हणजे चुंबक आहेत हे कळलं. पण रेषा फुटलेली नुसत्या डोळ्यांना दिसावी एवढं क्षेत्र सगळीकडे नसतं. क्षेत्र किती आणि कुठल्या दिशेचं ते कळतं रेषेच्या ध्रुवीकरणातून, म्हणजे प्रकाशाची लहर कुठल्या दिशेत थरथरते त्यातून, आणि ध्रुवीकरण म्हणजे शेवटी दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी. कॅमेरा ध्रुवीकरण बघत नाही, तो नुसती तीव्रता मोजतो, म्हणून पुढे ध्रुवीकरण बदलणारी एक फिरणारी काच, रिटार्डर प्लेट, ठेवायची, वेगवेगळ्या कोनांत फोटो घ्यायचे आणि त्यातून स्टोक्सचे चार आकडे, आय (एकूण तीव्रता), क्यू आणि यू (सरळ रेषेतलं ध्रुवीकरण) आणि व्ही (वर्तुळाकार), गणिताने सोडवून काढायचे. वजाबाकी बारीक असली की नॉइज, म्हणजे मोजणीतली अटळ चढउतार, तिला गिळतो.

आता वेळ मागायचा कुठे? पहिला प्रश्न वेळ वाटणारी कमिटी हाच विचारते, खरं तर आपणच आधी विचारायला हवा, की नवीन निरीक्षण हवंच कशाला, पडलेला डेटा थोडा आहे का? एसडीओ या उपग्रहावरचं एचएमआय उपकरण सूर्याची सगळी चकती सतत बघतं, ६१७३ अँग्स्ट्रॉमच्या (हे तरंगलांबीचं एकक, पुढचे असे आकडेही त्यातलेच) लोखंडाच्या रेषेत, डेटा सगळ्यांना खुला, पण पिक्सेल अर्ध्या आर्कसेकंदाचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आणि बघतं फक्त खालचा थर. हिनोदे हा जपानी उपग्रह २००६ पासून वर आहे, अर्ध्या मीटरची दुर्बीण, ६३०१.५ आणि ६३०२.५ या लोखंडाच्या दोन रेषा, वातावरणाची कटकट नाही, डेटा तोही खुला. हिने हिनोदेचे जुने नकाशे काढून लाइट ब्रिजच्या कडेला क्षेत्र कसं वाकतं त्याची आकृती बनवलेलीच होती, आणि पूर्ण प्रपोजलमध्ये ती आकृती मला सगळ्यात आवडली, कारण तिच्यात दिसत होतं की हिनोदे कुठपर्यंत पोचतं आणि कुठे थांबतं. वरच्या थराची, कॅल्शियमची ८५४२ ची रेषा त्यात नाहीच.

घरचा पर्याय म्हणजे उदयपूर. फतेहसागर तलावातल्या बेटावर मास्ट नावाची सौर दुर्बीण आहे, ५० सेंटीमीटरची, तिच्यावर ६१७३ आणि ८५४२ दोन्हीत पोलरिमेट्रीची सोय आहे. तलावाच्या मधोमध का, तर पाणी जमिनीसारखं झटकन तापत नाही, म्हणून वरची हवा कमी थरथरते. मी तिला म्हटलं आधी उदयपूरचा विचार कर, परदेशी नावाला भुलू नको. तिचं उत्तर तयार होतं. मास्टचं उपकरण फिल्टरवालं, एका वेळी पूर्ण चित्र पण एकच तरंगलांबी, मग पुढची, मग पुढची. फवारा वेगाने उडत असताना रेषेच्या निळ्या बाजूचा फोटो आधी आणि तांबड्या बाजूचा नंतर, म्हणजे एकाच रेषेची दोन टोकं दोन वेगळ्या क्षणांची. प्रकाशाचा वर्णपट पसरून दाखवणाऱ्या स्पेक्ट्रोग्राफला ही भानगड नाही, अख्खी रेषा एका क्षणात येते. मुद्दा बरोबर होता, मी गप्प बसलो.

म्हणून हवाईतली इनोये दुर्बीण, हालेआकाला डोंगरावर साधारण ३ हजार मीटर उंचीवर, ४ मीटरचा आरसा, सौर दुर्बिणींत जगात सगळ्यात मोठा. कुठल्याही देशातून अर्ज करता येतो. तिच्यावर विस्प नावाचा स्लिटवाला, म्हणजे बारीक फटीतून बघणारा, स्पेक्ट्रोपोलरिमीटर आहे, तीन हात असलेला, प्रत्येक हात वेगळ्या रेषेवर लावता येतो. स्लिटवाल्या यंत्राचं दुखणं मात्र उलटं, दाराच्या फटीतून शिगम्याची मिरवणूक बघण्यासारखं आहे ते, फटीतून जेवढं दिसतं ते सगळ्या रंगांत स्वच्छ, पण बाकीची मिरवणूक बघायला फट सरकवत न्यावी लागते.

पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळं होतं. स्लिट बारीकातली, ०.०५३६ आर्कसेकंदाची, कारण ४ मीटरची दुर्बीण मिळतेय तर बारकाई का सोडा. नॉइज दहा हजारात १. नकाशा साधारण साडेआठ आर्कसेकंद रुंद, तीनही हात पोलरिमेट्रीसह, आणि हे सगळं 'फवाऱ्याच्या आयुष्यापेक्षा कमी वेळात'. वाचायला जबरदस्त. मी फक्त बाजूला लिहिलं, फोटॉन (प्रकाशाचे कण) मोज.

तिचा लगेच मेसेज, "सर, सूर्य आहे हो तो! फोटॉन कमी कसे पडतील?"

इथेच बहुतेकांची गोची होते, म्हणून जरा सावकाश लिहितो. फोटॉनचा नॉइज वर्गमुळाने जातो. हजारात १ एवढी वजाबाकी दिसायला साधारण १० लाख फोटॉन लागतात, दहा हजारात १ हवी असेल तर १० कोटी, म्हणजे वेळ शंभर पट. ठीक आहे, आरसा मोठा आहे ना, मग? तर मोठ्या आरशाचा इथे उपयोगच होत नाही, जोपर्यंत तुम्ही त्याची पूर्ण बारकाई वापरताय. आरसा दुप्पट केला की प्रकाश चौपट येतो, पण दुर्बीण दुप्पट बारीक बघायला लागते म्हणून प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला येणारा सूर्याचा तुकडा क्षेत्रफळाने चौथाई होतो. चार गुणिले पाव, एक. हिनोदेच्या पिक्सेलला सेकंदाला जेवढे फोटॉन, साधारण तेवढेच इथे, आरसा आठपट रुंद असून. वर आणखी गंमत अशी की पिक्सेल बारीक झाला की त्यातून वस्तू लवकर निघूनही जाते, म्हणजे थांबायला वेळ कमी.

तिने ते मोजलं, आणि मोजलेलं पान तिने पाठवलं तेव्हाच मला वाटलं की हे प्रपोजल आता नीट होणार. सूर्यावर १ आर्कसेकंद म्हणजे साधारण ७२५ किलोमीटर. ०.०५३६ ची फट म्हणजे ३९ किलोमीटर. पृष्ठभागावर ध्वनीचा वेग सेकंदाला ७ किलोमीटरच्या आसपास, तेव्हा ३९ किलोमीटरचा तुकडा साडेपाच सेकंदांत बदलून जाऊ शकतो. आता समजा ०.२१४२ च्या फटीला हवा तसा नॉइज ५ सेकंदांत मिळतो. मग चौथाई रुंदीच्या फटीला तोच नॉइज मिळवायला २० सेकंद. म्हणजे बारीक फटीत २० सेकंद थांबायचं आणि तिथलं दृश्य साडेपाच सेकंदांत बदलतंय, आणि रुंद फटीत ५ सेकंद थांबायचं जिथे बदलायला २२ सेकंद लागतात. बारीक फट लावून बारीक काही मिळणारच नाही, सगळं माखलेलं मिळणार.

नकाशाचं तर विचारूच नका. रुंद फटीने साडेआठ आर्कसेकंद झाकायला ४० पायऱ्या, गुणिले ५, म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. बारीक फटीने १६० पायऱ्या गुणिले २०, ५३ मिनिटं. आणि हे हजारात १ च्या हिशोबात, तिने मागितलेला दहा हजारात १ चा हिशोब आम्ही केलाच नाही, कशाला उगाच. ५३ मिनिटांत फवारे किती येऊन गेले असतील त्याची गणती नाही, नकाशाच्या डाव्या टोकाचा आणि उजव्या टोकाचा एकमेकांशी काही संबंध उरणार नाही.

तर रुंद फट ठरली. त्यावर मॅडमना वाटलं की मग ४ मीटरची दुर्बीण कशाला मागतोय, कमिटी हेच विचारेल. रास्त शंका होती, आणि तिला ड्राफ्टमध्ये सरळ उत्तर द्यायचं ठरलं: बारकाईसाठी नाही मागत, प्रकाशासाठी मागतोय. पूर्ण बारकाई सोडली की मगच मोठ्या आरशाचे जास्तीचे फोटॉन पदरात पडतात. अर्ध्या मीटरची दुर्बीण एवढ्याच आकाराच्या तुकड्यावर एवढाच नॉइज गाठायला कितीतरी पट वेळ घेईल आणि तोवर फवारा संपलेला असेल. माझ्या मते पूर्ण प्रपोजलमधलं वजनदार वाक्य हेच.

३ मिनिटं २० सेकंदसुद्धा जास्तच होती. इथे कल्पना तिची, माझी नाही. डोक्यात सगळ्यांच्या स्लिट नेहमी उभी असते, का कोण जाणे, सवय. ती म्हणाली पट्टा लांबट आहे, तर फट पट्ट्याच्या लांबीला समांतर ठेवायची आणि आडवं सरकायचं, लांबी स्लिटच झाकेल, सरकायचं फक्त रुंदीपुरतं. पट्ट्याची रुंदी आणि दोन्ही बाजूंना थोडा थोडा काळा भाग, २० पायऱ्यांत काम होतंय, १०० सेकंद. मस्त. पण मग लाटांवाल्या उत्तराचं काय? डागाच्या वरच्या थरात लाटांचा ताल ३ मिनिटांच्या आसपासचा असतो, १८० सेकंद, आणि असा ताल ओळखायचा तर त्याच्या एका फेरीत निदान दोनदा तरी बघायला पाहिजे, म्हणजे ९० सेकंदांच्या आत नकाशा संपला पाहिजे. १०० सेकंदात तो ताल खोट्याच तालासारखा दिसला असता आणि अर्धा प्रश्न तिथेच मेला असता. म्हणून १६ पायऱ्या, ८० सेकंद, रुंदी जेमतेम साडेतीन आर्कसेकंद. मधल्या कॅलिब्रेशनचा वेळ सोडला तर तासाभरात ४५ नकाशे. काळ्या भागाची कड कापली गेली त्याचं तिला वाईट वाटलं, पण पट्टा आणि शीव राहिली, तीच तर हवी होती.

आता तिसऱ्या हाताची भांडणं. पहिला हात ६३०२ वर, दुसरा ८५४२ वर, तिसऱ्यावर तिला कॅल्शियमची ३९६८ ची रेषा हवी होती, फवारा तिच्यात छान उठून दिसतो म्हणून. मोह कळतो, तीन हात आहेत तर एक रिकामा कसा ठेवायचा. पण हवाईला चांगलं आकाश मिळतं सकाळी, जमीन तापायच्या आधी, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा अकरा वाजलेले असतात, आणि सकाळी सूर्य खाली असतो. खालच्या सूर्याचा प्रकाश जाड हवेतून येतो आणि ही हवा निळा प्रकाश जास्त वाकवते, तांबडा कमी. मग एकाच क्षणी एकाच फटीवर ३९६८ मध्ये सूर्याची एक जागा पडलेली असते आणि ८५४२ मध्ये तिच्या शेजारची. फट त्या वाकण्याच्या दिशेत असती तर नुसतं वरखाली सरकवून जुळवता आलं असतं, पण आपण फट पट्ट्याच्या दिशेत अडकवून ठेवली. नकाशा साडेतीन आर्कसेकंदांचा, त्यात जागाच सरकायला लागली तर कडेच्या पायऱ्या दोन्हींत सामाईक राहणार नाहीत. ६३०२ आणि ८५४२ मधला फरक त्यामानाने कमी, तो नंतर नकाशे जुळवून निस्तरता येतो. दोन दिवस ती अडून बसली आणि मग तिनेच तिसरा हात काढला. फवारा बघायला त्याऐवजी इनोयेच्याच व्हीबीआय या कॅमेऱ्याची, हायड्रोजनच्या बीटा नावाच्या रेषेतली चित्रं मागितली, ते उपकरण विस्पबरोबरच चालतं, पूर्ण चित्र घेतं, जागेचा घोळ चित्रावरून सोडवता येतो. उलट फवारा नक्की कुठल्या सेकंदाला उडाला तेही त्याच्यातूनच कळणार.

नॉइजचं वचन किती द्यायचं हा शेवटचा मुद्दा. ८५४२ ची रेषा रुंद आहे आणि चुंबकीय क्षेत्राला तशी सुस्त, तिचा लांदे फॅक्टर (रेषा क्षेत्राने किती फुटते ते सांगणारा आकडा) १.१, ६३०२.५ चा २.५. डागावर तिचं व्ही, म्हणजे वर्तुळाकार ध्रुवीकरण, सहज दिसतं, पण क्यू आणि यू फार फिकट. पहिल्या ड्राफ्टमध्ये 'दोन्ही थरांत पूर्ण सदिश क्षेत्र', म्हणजे क्षेत्राची ताकद आणि दिशा दोन्ही, असं ठोकलेलं होतं. ते बदलून असं झालं की खालच्या थरात पूर्ण सदिश, वरच्या थरात फक्त दृष्टीरेषेतला, म्हणजे आपल्या दिशेने किंवा आपल्यापासून दूर जाणारा, घटक, आडवा घटक नकाशे एकत्र करून मिळाला तर मिळाला. प्रश्नाला एवढं पुरतं का? पुरतं. शिवेवर उलट दिशा असेल तर डाग चकतीच्या मध्याजवळ असताना व्हीचं चिन्हच पलटलेलं दिसेल, खाली दिसतंय का, वरही दिसतंय का, आणि फवारा उडायच्या आधी की नंतर, हे सगळं व्हीवरून. आणि चिन्ह पलटतच नसेल, नुसता तीनेक मिनिटांचा ताल दिसत असेल, तर दुसऱ्या बाजूचं पारडं जड. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी पेपर होतो, हे कमिटीला दिसलं पाहिजे आणि ते एका परिच्छेदात लिहिलं.

बाकी अटी पटकन: डागात पट्टा पाहिजेच, नसेल तर हे काम लावू नका, आधी लिहिलेलं 'नाहीतर कुठलाही डाग चालेल' खोडलं, कारण तसं लिहिलं की तेच मिळतं. चकतीच्या कडेला गेलेला डाग नको. सूर्य साधारण २७ दिवसांत फिरतो म्हणजे डाग समोर असतो तेरा-चौदा दिवस, त्यातले मधले थोडेच दिवस कामाचे. सलग एक तास, शक्य तर दुसऱ्या दिवशी त्याच डागावर आणखी एक, पण पहिला तास एकटाही पुरेसा आहे असं स्पष्ट.

प्रपोजल गेलं आहे, निकाल यायचा आहे. मधल्या काळात तिने इनोयेच्या डेटा सेंटरवरचा विस्पचा जुना, सगळ्यांना खुला झालेला एक डेटासेट उतरवायला घेतला, म्हणजे वेळ मिळालाच तर इन्व्हर्जनचा, म्हणजे स्टोक्सच्या आकड्यांवरून क्षेत्र काढायचा, कोड आधीच चालता असेल. तो डेटा ग्लोबस या मोठ्या फाइली पाठवायच्या सेवेने येतो आणि आकार असा की वाळपईच्या घरच्या नेटवर पावसात वीज जात-येत असताना ते शक्यच नाही, म्हणून ट्रान्सफर थेट पुण्याच्या सर्व्हरवर लावलं आणि घरून ती फक्त लॉगिन करून एकेका नकाशाचा एवढासा तुकडा उघडते. ८५४२ चा डार्क आणि गेन (कॅमेऱ्याच्या दोषांच्या दुरुस्त्या) झालेला पहिला व्हीचा प्लॉट तिने पाठवला, नॉइज मोजून खाली लिहिलाय, आणि त्यावरून आपला ५ सेकंदांचा अंदाज जरा उदार होता की काय ते आम्ही आता बघतोय.